बैलाचं राजकीय दुखणं

आमच्याकडच्या लग्नकार्यात पंगती उठल्या आणि बायका पान लावायला बसल्या, की कुणीतरी हटकून म्हणतं, "आजी, ती लंगड्या बैलाची गोष्ट सांगा." मी सांगते. बैलासारखा पाय उचलून, मान हलवून सांगते. पोरं हसून लोळतात. गोष्ट मी लेपापाशी थांबवते. तिथून पुढे ती हसायची राहत नाही, आणि खाल्ल्या अन्नावर नको, म्हणून पुढचं आजवर गिळत आले.

परवा टीव्हीवर कुठल्याशा लहान देशाची बातमी लागली होती. शेजारी दोन दांडगे, आणि मधे हा एवढासा. माझी नात कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "बघ आजी, असल्या देशानं दोघांकडूनही घ्यावं आणि कुणाचंच होऊ नये. त्यातच शहाणपण आहे."

मी म्हटलं, "बाई, हे शहाणपण मी सोळाव्या वर्षी चालवलंय."

ती हसली. तिला वाटलं, आजीला बैलाची गोष्ट आठवली. खरंच तीच आठवली होती, पण पुढची.

माझं सासर मानवतपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. जमीन थोडी, बैल एक. एका बैलाची शेती म्हणजे एका चाकाची गाडी. म्हणून आमच्याकडे सावड असायची: एक बैल तुमचा, एक आमचा, जोडी जुळवायची, आज तुमच्या रानात वखर, उद्या आमच्या. आमची सावड बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याशी होती. ते मुसलमान, नवराबायको दोघंच, लेक परभणीला दिलेली. त्यांचाही बैल एक. सासरे त्यांना भाई म्हणायचे, मी चाचा आणि खाला. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी खाला मला दुल्हनच म्हणायची.

पोळ्याला आमच्या भागात बैलांचं लग्न लागतं. मारुतीच्या पारापुढे जोड्या उभ्या करायच्या, मंगलाष्टकं म्हणायची, अक्षता टाकायच्या. आमचा बैल आणि चाचाचा बैल यांचं लग्न दरसाल लागायचं. चाचा टोपी सारखी करून एका बाजूला उभा, सासरे दुसऱ्या बाजूला. इंग्रज गेल्यानंतरच्या त्या साली, हैदराबाद सरकारच्या बाजूनं फिरणाऱ्या वर्दीवाल्या पोरांनी चाचाला वेशीत अडवून दम दिला होता, "मारुतीसमोर अक्षता टाकता क्या?" चाचा म्हणाला, "लगीन बैलाचं हाय सायेब, माझं न्हाई." पोरं हसली आणि एक थोबाडीत देऊन गेली.

आता माझी अक्कल कुठून आली ते सांगते. माझे वडील गंगाखेडला मुलं शिकवायचे, त्यामुळे मला वाचता यायचं. गावात वाचणारी बाई मी एकटी, आणि त्याचा ताठा एवढा, की घागर डोक्यावर असतानाही मान वाकडी करून बघायची. सासरे मानवतच्या बाजारातून गूळ आणायचे. तो कधीमधी पलीकडच्या मुलखातल्या वर्तमानपत्रात बांधलेला असायचा. असला कागद घरात सापडला तर मार खायची पाळी. म्हणून मी तो चुलीपुढे बसून वाचायची आणि दाराआडून सासऱ्यांना ऐकवायची. महिना-दोन महिने शिळी बातमी, मधेच गुळाचा डाग. डागाखालचं मी मनानं भरायची.

त्यातून मला कळलं की इंग्रज गेला, हिंद आणि पाकिस्तान असे दोन झाले, आणि आपलं हैदराबाद दोघांचंही होणार नाही म्हणतंय. दिल्लीशी 'जैसे थे' करार केलाय, दुसरा डोळा कराचीकडे आहे, आणि विलायतेलाही निरोप चालू आहेत. मला काय कौतुक वाटलं त्याचं! तिघांना झुलवायचं आणि आपण मधे मजेत. चुलीत शेण्या सारताना मी 'जैसे थे, जैसे थे' असं जपायची. सासू म्हणायची, "कुठला देव हाय गं हा?"

गावातही दोन दांडगे होतेच. वरच्या आळीतले पाटील आणि खालच्या आळीतले देशमुख. आम्ही त्यांना नुसतं वरचे आणि खालचे म्हणायचो. वरच्यांच्या ओसरीवर सरकारी माणसं आणि वर्दीवाले जेवायचे. खालच्यांचा धाकटा सरहद्दीपलीकडे, हैदराबाद सरकारशी लढणाऱ्यांच्या छावणीत गेला होता, आणि त्याची माणसं अधूनमधून येऊन निरोप देऊन जायची. दोघांचं वैर जुनं, पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा, एवढ्यावरून सुरू झालेलं. आता त्याला मोठे झेंडे मिळाले.

त्या साली पोळ्याच्या आठ दिवस आधी वरच्यांचा गडी आला.

"पाटील म्हणायलेत, औंदा आमच्या रांगेत या. जोडीला बैल आमी देतो."

दुसऱ्या दिवशी खालच्यांचा आला. "आमचा बैल घ्या. आन त्या मुसलमानासंगं जोडी लावली तर मग आमाला बोल लावायचा न्हाई."

सासरे सुपारी न कातरता अडकित्ता नुसता उघडझाप करत बसले. वरच्यांच्या रांगेत जावं तर खालचे गंजी पेटवतील. खालच्यांच्या रांगेत जावं तर वरचे वर्दीवाल्यांना नाव देतील. आणि सावड मोडावी कशी? चाचाच्या बैलावर आमचं रान पिकलेलं.

त्याच दुपारी खाला आली. उंबऱ्यावर बसली, आत आली नाही.

"दुल्हन, एक बोलू? दरसालसारखी जोडी लावा गे पोळ्याला. बाकी कुछ नको. सगळ्या गावानं बघितलं पाहिजे का हे तुमच्यातले हायत. मग आमाला हात लावताना माणूस इचार करंल. तुमी न्हाई म्हणालात तर आमी कुणाचेच न्हाई."

इतकं सरळ मागणं. पैसा नाही, धान्य नाही. आमच्या बैलाशेजारी तिचा बैल उभा करायचा, तोही नेहमीचाच. मी म्हटलं, "सांगते मामांना." आणि मनात म्हटलं, ह्या अडाणी बाईला राजकारण काय कळतंय!

सासऱ्यांना मी दाराआडून सांगितलं, "मामा, बैल आजारी पडला तर?"

"चांगला खायलाय की तो."

"पोळ्यापुरता पडला तर? आजाऱ्याला कुणाचीच रांग नसते. वरचे रागावणार न्हाईत, खालचे न्हाईत. खालालाबी वाईट वाटायचं न्हाई. जैसे थे."

सासऱ्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं डोकं चालवलं बरं का," असं ते ह्यांना म्हणाले. मला आकाश ठेंगणं झालं. आमचे हे मात्र एवढंच म्हणाले, "चाचाला खरं सांगू का?" मी डोळे वटारले. "गुप्त गोष्टी अशा सांगत असतात का?"

पोळ्याच्या सकाळी मी आंबेहळदीचा जाड लेप केला, बैलाच्या पुढच्या पायाला थापला, वर एरंडाचं पान, वर माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी. एवढं करून बैल मजेत चारही पायांवर उभा! रवंथ करतोय, शेपटीनं माश्या मारतोय. लंगडणं काही त्याला जमेना. मग मी एक बारका खडा खुराच्या फटीत बसवला. बैलानं लगेच पाय उचलून धरला. वरच्यांचा गडी बघून गेला, चुकचुकला. खालच्यांचा बघून गेला, त्यानं तर औषधही सांगितलं. दोन्ही घरांतून बैलासाठी पुरणपोळ्या आल्या. त्यातली बैलाला एक दिली, बाकीच्या आम्ही खाल्ल्या. दोघांकडून घेतलं आणि कुणाचे झालो नाही!

इथपर्यंत मी लग्नकार्यात सांगते.

त्यानंतर खाला आली. तिच्या बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवलेली होती, कपाळावर नवा गोंडा. बैल बाहेर उभा करून ती गोठ्यात शिरली. आळीतल्या चार बायकाही होत्या. खालानं खाली बसून पट्टीवरून हात फिरवला, दाबून पाहिलं. बैल हलला नाही. मग तिनं खूर हातात घेतला. तिची बोटं त्या फटीत गेलेली मला दिसली. खडा काढून तिनं मुठीत धरला, आणि बायकांकडे न बघता म्हणाली, "लय दुखायलंय गे याला. राहू दे. न्हेऊ नका."

मला वाटलं, बरं झालं, हिला पटलं. खरं सांगते, त्या वयात मला तसंच वाटलं. तिनं माझी लाज झाकली, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्या दिवशी मारुतीपुढे चाचाचा बैल एकटाच उभा होता म्हणे. त्याचं लग्न लागलं नाही. भटजी पुढच्या जोडीकडे गेला.

दहाएक दिवसांनी हिंदची फौज आली. आमच्या गावात ती आलीच नाही. आकाशात एक विमान दिसलं, आणि सडकेवरून दिवसभर धूळ उडाली, एवढंच. पाच दिवसांत तिघांना झुलवणारं माझं हैदराबाद खाली बसलं. विलायत आली नाही, कराची आली नाही. वर्दीवाले कुठे गेले ते कळलं नाही. वरच्या पाटलांनी सकाळची टोपी दुपारी बदलली. त्यांच्या ओसरीवर आता खालचे चहा प्यायला बसले.

मग हिशेब मागायला माणसं निघाली. वर्षभर ज्यांनी वर्दीवाल्यांचा मार खाल्ला होता तीही त्यात होती, आणि ज्यांच्या अंगाला कुणी बोटही लावलं नव्हतं ती जास्त होती. वरच्यांच्या दारी कुणी गेलं नाही. चाचाकडे गेले. तो घरी नव्हता, म्हणून आमच्या अंगणात आले. पाचसहा जण होते, दोघं आमच्याच आळीतले. हातात कुऱ्हाडी.

"तात्या, तुमची सावड हाय ना त्याच्यासंगं?"

सासरे उभे राहिले. मी दाराआड होते. त्यांच्या पाठीवरचा घाम सदऱ्यातून दिसत होता. त्यांना खोटं बोलता यायचं नाही, जन्मात आलं नाही. पोळ्याला जोडी लागली असती, तर त्यांनी 'हाय' म्हटलं असतं, आणि मग अंगणात काय व्हायचं ते झालं असतं. कदाचित माणसं परत गेली असती. कदाचित नसती. पण ते खरं तेच बोलले असते.

मी त्यांना दुसरं खरं तयार करून ठेवलं होतं.

"व्हती," ते म्हणाले. "औंदा न्हाई. पोळ्याला तुमीबी पाहिलंच की."

"मग तुमचं काय न्हाई त्याच्यात?"

"न्हाई."

माणसं गेली. मी भिंतीला टेकले आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लिहिते, कारण आता ते ओळखणारं कुणी उरलं नाही. मनात आलं: बघा, माझा उपाय लागू पडला.

चाचा रानात होता. एका बैलाचा वखर चालत नाही, म्हणून हातानं गवत काढत होता. दरसाल त्या दिवसांत रब्बीच्या रानाला पाळी घालायला जोडी असायची, आणि जोडीसोबत आमचे हे असायचे. त्या दिवशी ते घरी होते. आजारी बैलाला बाहेर काढलं तर लोक काय म्हणतील, म्हणून लेप अजून पायावर होता. मीच रोज सकाळी तो ओला करून ताजा दिसेल असा ठेवत होते.

चाचा आमच्या बांधापासून हाकेच्या अंतरावर मरून पडलेला सापडला. हाक मारली असेल का त्यानं? आमचे हे मरेपर्यंत त्या बांधावर दुपारी बसले नाहीत. भाकरी खायला घरी यायचे. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

खालाचा जावई तिला परभणीला न्यायला आला. निघताना ती आमच्याकडे आली. हातात कासरा, मागे बैल. शिंगांवरचा हिंगूळ अजून गेला नव्हता.

"दुल्हन, ह्याला कुठं न्हेऊ शहरात? तुमच्यापाशी राहू दे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "खाला, याला सांभाळू आमी."

तिनं गोठ्यात आमच्या बैलाकडे पाहिलं. लेप मी त्या सकाळीच खरवडून टाकला होता. चारही पायांवर उभा होता तो.

"पाय बरा झाला का गे त्याचा?" तिनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी तो आयुष्यभर परत मारत राहिले असते.

"झाला," मी म्हटलं.

"अच्छा हुआ," ती म्हणाली, आणि कासरा माझ्या हातात दिला.

त्या रब्बीला आमच्या घरात पहिल्यांदा पुरी जोडी होती. सावडीची गरज उरली नाही. पुढच्या पोळ्याला वरचे आणि खालचे एकाच रांगेत आले, त्यांच्यात सोयरीक ठरली होती. भटजीनं आमच्या जोडीचं लग्न लावलं. सासरे एका बाजूला उभे राहिले. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं, तेव्हा लोक म्हणाले, "सुनेला उभी करा, तिनंच बैल बरा केला." मी उभी राहिले आणि अक्षता टाकल्या.