विमानावरचा लाल ठिपका

या सदरातले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतो. पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारा म्हातारा... सगळ्यांची भुतं एकाच दुकानातून कशी येतात, कोण जाणे. नवस, कुंडली, गंडे-दोरे यांतलं मी काही मानत नाही, आणि मानणाऱ्यांची कीव करण्याइतकाही वेळ माझ्याकडे नाही. तेव्हा पुढचं वाचून मला कोणी ग्रहशांत करून घ्यायचा सल्ला देऊ नये.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी मूळचा पुण्याचा, नोकरीमुळे बंगलोरला, राजाजीनगरात राहत होतो. छंद एकच — दुसऱ्या महायुद्धातली विमानं ओळखणं. रंगाचा पोपडा उडालेला पत्रा दाखवा, मी विमान सांगणार आणि ते युद्धात काय करत होतं तेही सांगणार. असाच छंद असलेल्यांचा एक ग्रुप रविवारी जमायचा. बहुतेकांचं ज्ञान प्लॅस्टिकच्या मॉडेलच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढंच, पण आव असा की परवाच ब्रह्मदेशावर बॉम्ब टाकून आलेत. एकाने मालवाहू विमानाला बॉम्बर म्हटलं, तर मी त्याच्याशी वर्षभर बोललो नाही. माझं कधी चुकलं नव्हतं, आणि हे मी कोणाला विसरू देत नसे.

आमच्या खालच्या मजल्यावर शारदाक्का राहायच्या, बेळगावकडच्या. त्यांचे थोरले भाऊ, अण्णा, अंथरुणाला खिळलेले. तरुणपणी ते बंगलोरजवळच्या लष्करी धावपट्टीवर पेंटर होते. तेव्हा ब्रिटिश विमानांवरच्या गोल खुणेच्या मधोमध लाल ठिपका असायचा. जपान्यांची खूणही लालच. गडबडीत आपलेच लोक आपल्या विमानावर गोळ्या झाडतील म्हणून हुकूम निघाला, की लाल झाकून तिथे फिका निळा द्या. अण्णांनी कितीतरी विमानांचे ठिपके झाकले. त्यांतल्याच एकावर, 'जी' अक्षराच्या बॉम्बरवर, परतताना आपल्याच तोफा चालल्या. विमान कसंबसं उतरलं, पण आतला एक पोरगा मेला. डाव्या बाजूचा ठिपका लालच राहिला होता असं कोणीतरी म्हणालं आणि अण्णांना हाकललं. विमान पुन्हा उडालं नाही, भंगारात गेलं. अण्णांना ते बघूही दिलं नाही.

वाईट म्हणजे, ती बाजू आपण रंगवली होती की नाही हे अण्णांनाच आठवत नव्हतं. लग्न केलं नाही, ब्रश पुन्हा हातात धरला नाही. त्या पोराला मी मारलं का, एवढंच ते आल्यागेल्याला विचारायचे. अक्कांनी मला हे सांगितलं तेव्हा मी जांभई दाबली होती, हे कबूल करतो. म्हाताऱ्यांच्या युद्धकथांचा मला भारी कंटाळा.

मग कळलं, की यशवंतपूरला नागराज नावाच्या भंगारवाल्याच्या शेडला भिंत म्हणून विमानाचा पत्रा ठोकलाय. आमच्या ग्रुपमधले विद्वान तो बघूनही आले. त्यावर चंदेरी रंग फासलेला होता, मधे एका ठिकाणी पोपडा निघून लाल दिसत होतं. तेवढ्यावर त्यांनी जाहीर केलं — जपानी विमान! म्हणजे जपानी लोक बंगलोरला येऊन पत्रे विकून गेले असणार. मी त्यांची फजिती करायलाच गेलो.

भर दुपारी, उन्हात, रॉकेलचा बोळा घेऊन मी हलक्या हाताने चंदेरी रंग काढला. गडद निळं कडं निघालं. शेजारी मोठं 'जी'. गोळ्यांची भोकं. खालचा रंग काळा, म्हणजे रात्री बॉम्ब टाकणारं विमान. समुद्रावर पाणबुड्या शोधणाऱ्यांचं पोट पांढरं असायचं. चार इंजिनांचं लिबरेटर, डावी कूस. अण्णांचंच विमान. आणि कड्याच्या मधोमध ठिपका... लाल. स्वच्छ लाल, वर निळ्याचा कणही नाही. मी नखाने खरवडून पाहिलं, खाली थेट पत्रा लागला.

संध्याकाळी अक्कांना दारातच सांगितलं. त्या म्हणाल्या, आज अण्णाला नको, उद्या फोटो काढून आणा, मग बघू. पण दार उघडं होतं आणि म्हाताऱ्याचे कान शाबूत होते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन गेलो, तर नागराज पत्र्यापासून लांब उभा. ठिपका निळा होता. फिका निळा.

मी त्याला विचारलं, काल काय होतं? तो म्हणाला, "केंपू, सार. लालच होता. मी पण बघितला की."

आता हुशार वाचक म्हणतील, रात्रीत कोणीतरी रंगवलं. रात्रीत रंग देता येतो हो, तो पन्नास वर्षं जुना करता येत नाही. निळ्यावर बारीक भेगा होत्या, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी निघत होती. काल जिथे खरवडलं होतं, तिथे ओरखडा नव्हता. आणि वरच्या कडेला जो चंदेरी रंग मी काढलाच नव्हता, नागराजच्या वडिलांनी कधीकाळी फासलेला, त्याच्या खाली तो निळा गेला होता. दृष्टिभ्रम म्हणणाऱ्यांनी आपला चष्मा तपासावा. माझा नंबर तेव्हा शून्य होता.

घरी आलो तर अण्णा उशीला टेकून बसवलेले. मी सांगितलं, निळा आहे. ते म्हणाले,

"मग काल शारदीला लाल का म्हणालात? राहिलता काय नाही, तेवढंच सांगा मला."

खरं सांगायचं तर काल लाल होता आणि आज नाही. पण हे ऐकून तो माणूस काय समजला असता? लाल राहिलाच होता, असंच.

"काल मी चुकलो, अण्णा," मी म्हणालो. "उन्हामुळं नीट दिसलं नाही. निळा आहे, जुनाच आहे. तुमच्याच हातचा."

"तुमचं चुकतंय काय कधी?"

"चुकतं."

त्यांनी डोळे मिटले. अक्का त्यांचा हात धरून रडत होत्या, आणि मी तिथे खुळ्यासारखा उभा. ग्रुपला ही बातमी नागराजकडून पोचली. पहिल्या दिवशी लाल, दुसऱ्या दिवशी निळा सांगितला म्हणून, आपणही लालच पाहिलं होतं हे सोयीस्कर विसरून, ते दीडशहाणे कितीतरी रविवार माझ्यावर हसले, आणि मी हसू दिलं. पत्रा पुढे वितळवला गेला. फोटोत निळाच आहे, त्यामुळे त्याचा काही उपयोग नाही.

कारण मला आजही सांगता येत नाही. तुम्हालाही येणार नाही, प्रयत्न करू नका. अण्णा गेले, मागोमाग शारदाक्काही गेल्या. म्हणून आज पहिल्यांदाच लिहितोय, वाचून दुखावेल असं आता कोणी उरलेलं नाही. मी चुकलो नव्हतो. तो लाल होता.