वाटंवरल्याची भाकर

दिवाळी सरली की आण्याच्या पठारावरच्या आमच्या वाडीत म्हातारेच उरत. बाकीचे मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. एकट्या जिवासाठी चूल कोण पेटवणार? म्हणून बानूबाईनं समाजमंदिरात सगळ्यांची एकच चूल मांडली. आंधळा यमाजी तर तिच्याच हातच्या घासावर जगत होता.

२००३ साली तालुक्याहून नोटीस आली. सार्वजनिक इमारतीत विनापरवाना स्वयंपाक होतो. धुराडं, मोरी, फरशी करा, नाहीतर कुलूप. बाजारात गटारावर भजी तळतात, तिथून कायदा नाक दाबून पुढं जातो. आमचे म्हातारे मात्र बरे सापडले! तरी बानूबाईनं गावाच्या मागं लागून सगळं करून घेतलं.

साहेब तपासायला आले. माणूस वाईट नव्हता. सगळं पाहून त्यांनी सहीला पेन काढलं आणि जाता जाता कोपऱ्यातली दुरडी उघडली. आत एकच भाकर.

"शिळं वाढता होय म्हाताऱ्यांना?"

"न्हाई सायेब, सकाळचीच हाय."

"मग खाऊन दाखवा."

बानूबाईचा चेहरा उतरला. आमच्यात रोजची पहिली भाकर वाटेवरल्याच्या, म्हणजे कळपामागं गेलेल्या घरच्या माणसाच्या, नावानं झाकून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घालतात. घरच्यानं ती खाल्ली तर वाटेवरला माघारी येत नाही, असं मानतात. तिचा एकुलता एक जालिंदर तेव्हा कळपाबरोबर होता.

"वाटंवरल्याची हाय ती, सायेब. म्या कशी खाऊ?"

"सबबी नकोत, बाई." पेन खिशात गेलं.

भिंतीला टेकलेला यमाजी घाबरून म्हणाला, "बानू, चूल बंद झाली तर मला कोण गं वाढंल?"

बानूबाईनं भाकर उचलली आणि उभ्या उभ्या, कोरडीच, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. सही झाली.

त्यानंतर फाट्यावर एसटी थांबली की ती दारात यायची, कुणी निरोप घेऊन येतंय का बघायला. मी एकदा चिडून बोललो, "भाकरीनं कुठं माणूस मरतो, वैनी?"

"तुमचं पोर वाटंवर न्हाई भाऊ, म्हणून सुचतंय."

तिला बघून माझाही जीव तुटायचा.

रोहिणी लागताना कळप घाट चढून आला. जालिंदर उन्हानं काळाठिक्कर पडला होता. रीतीप्रमाणं त्यानं दारातूनच हाक दिली, "आये, माझी भाकर कुठंय?"

ती धावत गेली, त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी मारत सुटली, आणि रडत म्हणाली, "म्या खाल्ली रं तुझी भाकर. तरी आलास!"