खमिराचा डबा घेऊन श्रीरामपूरला

पुण्याहून नगरला जाणाऱ्या एसटीत मांडीवर पाच किलोचा स्टीलचा डबा घेऊन बसायचं असेल, तर आधी खिडकीची जागा पकडावी, एवढा एकच सल्ला या प्रवासातून मी कुणाला देऊ शकतो. मला खिडकी मिळाली नव्हती. डब्यात खमीर होतं (पाव फुगवण्यासाठी पीठ-पाणी आंबवून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेलं विरजण) आणि त्याला असा काही वास सुटला होता की शिक्रापूर यायच्या आत शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला. कंडक्टरने तिकीट देता देता विचारलं, काका, ताडी आहे का. मी म्हणालो, पावाचं विरजण आहे. त्याने माझ्याकडे नीट बघितलं, माझं वय जोखलं आणि पुढे गेला.

निघताना मुलीचा बंगळूरहून फोन आला होता. तिचं म्हणणं असं, की बाबा, कोपऱ्यावरच्या दुकानात यीस्टची पुडी मिळते, ती आणा आणि हा खुळेपणा थांबवा. तिचं चूक नाही. पण सुनंदा गेली तेव्हा तिला आईच्या साड्या मिळाल्या होत्या. सुनंदाच्या बहिणींनी तिची भांडी नेली. तिच्या हातचं लिंबाचं लोणचं मी पुरवून पुरवून खाल्लं, तेही दिवाळीला संपलं. उरलं होतं ते हे खमीर. बेदाण्याच्या पाण्यात कणीक कालवून तिने ते स्वतः धरलं होतं आणि शेवटच्या आजारपणापर्यंत सांभाळलं. ती गेल्यावर मी सांभाळत होतो. रोज सकाळी दोन चमचे पीठ, थोडं पाणी, आणि ढवळायचं. चहाच्या आधी ते करायचो. तिच्या हातचं घरात जिवंत असं एवढंच होतं, आणि गेल्या महिन्यापासून ते फुगायचं बंद झालं होतं. माझा पाव भाजून निघायचा तो वीट होऊन. त्याने भिंतीत खिळा ठोकता आला असता.

सुनंदा घरी पाव भाजणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या एका गटात होती. सगळे हौशी, एकाचंही दुकान नाही. त्यातल्या दोघांना तिने आपल्या खमिरातला वाटा दिला होता, एक नागापूरचे भाऊसाहेब आणि दुसऱ्या श्रीरामपूरच्या मार्थाबाई. माझा हिशेब सरळ होता. त्यांनी माझं खमीर बरं करून द्यावं, नाहीतर तिने दिलेल्यातला चमचाभर मला परत द्यावा.

शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा लागतो. उन्हाळा लागलेला, रानं काढून झालेली, डोळ्यांना कुठे विसावा नाही. सुप्याच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत. त्या दिवशी वारा नव्हता आणि त्या नुसत्या उभ्या होत्या. सुनंदा असती तर म्हणाली असती, बघ, सरकारी नोकरी. मी हसलो आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. हे हल्ली रोजचंच आहे.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडवर उतरून रिक्षाने नागापूरला गेलो. कारखान्यांच्या मागे कामगारांची वस्ती आहे, तिथे भाऊसाहेबांचं घर. ते गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतात, त्यामुळे दुपारपर्यंत मोकळे. चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, सतत हात पुसणारा माणूस. गच्चीवर त्यांनी तेलाचं पिंप आडवं घालून, वर मातीचा लेप देऊन भट्टी केली आहे आणि ध्यास एकच, बाजरीचा पाव. बाजरीला चिकटपणा नाही, तिचा पाव फुगत नाही, हे त्यांना गटातल्या प्रत्येकाने सांगून झालंय. तरी ते दर रविवारी करतात. मला एक कापून दिला. चव चांगली, पण जबडा दुखला. मी मनात म्हटलं, चला, वीटभट्टीवाला मी एकटाच नाही.

त्यांनी मला पीठ मळायला बसवलं. हात कोरडे ठेवू नका, ओले ठेवा, आणि पीठ कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबा, असं शिकवलं. मी माझी पाळी चाचपून बघितली, मग पीठ, मग पुन्हा पाळी. वहिनी दारातून बघून आत गेल्या, बहुधा हसायला. मग मी मुद्द्यावर आलो. सुनंदाने दिलेलं खमीर अजून आहे ना, म्हणून विचारलं. भाऊसाहेब हात पुसत राहिले.

"सर, खरं सांगू का? आमच्या हिनं त्याची धिरडी केली."

ते पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. तेवढ्यात वहिनींनी बरणी उघडली, आंबूस वास आला, वाटलं धिरड्याचं पीठ आंबून वाया चाललंय. टाकायचं जिवावर आलं. चार कांदे चिरून घातले आणि मुलांना वाढलं. वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "अन्न हुतं ना ते. टाकायचं कसं? लई चांगली झाल्ती." मला रागवायचं होतं. पण मीही असल्याच घरात वाढलोय, जिथे ताटात शीत राहिलं तर पाठीत धपाटा बसायचा. मी म्हणालो, बरं केलंत.

भाऊसाहेबांनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच लावलं. जड झालंय, म्हणाले, पण मला तेवढं कळत न्हाई, मार्थाबाईंना दाखवा. वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेंगोळे केले होते (हुलग्याच्या पिठाच्या वळकट्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या). बऱ्याच दिवसांनी मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

श्रीरामपूरची गाडी विळद घाट उतरून राहुरीकडे निघाली की मुलूख बदलतो. कालव्याचं पाणी, ऊस, केळी. आमच्या पुढे उसाची शेवटची एक ट्रॉली चालली होती आणि ड्रायव्हर तिला ओव्हरटेक करायला तयार नव्हता, त्यामुळे पोचायला संध्याकाळ झाली. त्यात भर म्हणजे डब्याचं झाकण राहुरीच्या खड्ड्यात उडालं आणि माझ्या पँटवर खमीर सांडलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मी रुमालाने ते निपटून परत डब्यात टाकत होतो आणि समोरचा माणूस तोंड वासून बघत होता.

मार्थाबाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. साठीच्या, ठेंगण्या, आवाज खर्जातला. यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले. नाताळच्या आधी या गल्लीतली घरं आपापलं पीठ, तूप, साखर घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावतात आणि केक, नानकटाई भाजून आणतात. एका वर्षी मार्थाबाईंचा केक दुसऱ्याच्या घरी गेला आणि दुसऱ्याचा जळका त्यांच्या घरी आला. त्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघरात स्वतःची शेगडी मांडली. हे त्यांनी मला पाणी देता देताच सांगितलं, आणि तो जळका केक कोणाचा होता तेही सांगितलं.

डबा त्यांनी खिडकीपाशी नेला आणि दिवा लावून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. वरचं काळपट पाणी चमच्याने बाजूला सारलं. डब्याच्या कडेला गुलाबीसर रेघ आली होती. मला ती गेला आठवडाभर दिसत होती. मला वाटत होतं रंग येतोय, म्हणजे जीव आहे.

"पीठ घालायच्या आधी अर्धं काढून टाकत होता ना, दादा?"

"टाकायचं कशाला? तिचं होतं ते."

मार्थाबाईंनी झाकण लावलं आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. मग सावकाश सांगितलं. खमीर रोज अर्ध्याच्या वर काढायचं असतं. काढलेलं थालीपिठात घाला, झाडाला घाला, काहीही करा, पण काढायचं. जे राहतं त्याला नवं पीठ पुरतं. न काढता नुसतं घालत गेलं की ते वाढतं, पण उपाशी राहतं. माझंही तसंच झालं होतं. बरणीतून डब्यात, डब्यातून मोठ्या डब्यात, मग फ्रिजमध्ये मावेना म्हणून ओट्यावर, आणि वर हा उन्हाळा. सुनंदा रोज सकाळी वाटीभर काढायची ते मी बघितलं होतं. मला वाटायचं, थालीपिठाला चव यावी म्हणून काढते.

मी विचारलं, चमचाभर घेऊन जगवता येणार नाही का. त्या म्हणाल्या, आंबट झालेलं जगवता येतं, महिनाभर उपाशी राहिलेलंही येतं. गुलाबी रेघ आली की संपलं, ते पोटात जाता कामा नये.

आता एकच आशा होती. तुम्हाला तिने दिलेलं असेल ना, म्हणून मी विचारलं. माझा आवाज मलाच भिकाऱ्यासारखा वाटला.

"ते मी माझ्यातच मिसळलं. दोन बरण्या कुठं सांभाळू? खोटं कशाला बोलू दादा, त्यात सुनंदाताईंचं आता काही नसेल. रोज काढते, रोज घालते. ते माझ्या हाताचं झालं."

त्या बाईंना खोटं बोलणं किती सोपं होतं. एक चमचा उचलून द्यायचा आणि म्हणायचं, घ्या, यात आहे ती. मी आनंदाने फसलो असतो. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, अजूनही थोडा आहे.

मी म्हणालो, मग तुमचंच द्या थोडं, मी रात्रीच्या गाडीने जातो. तर त्यांनी तेही नाकारलं. दिवे लागले, आता विरजण घराबाहेर देत नाहीत. मी म्हटलं, तुम्हीही हे पाळता? त्या म्हणाल्या, चर्च वेगळं आणि आईची रीत वेगळी, आई नेवाशाकडची होती. यजमानांनी माझी पिशवी आधीच आत नेऊन ठेवली होती. वांग्याचं कालवण, भाकरी आणि कडेला त्यांच्या पावाचा तुकडा, असं जेवलो. पाव उत्तम होता. मला काही गोड लागलं नाही.

सकाळी मार्थाबाईंनी मला पाव शिकवला. मळायचा नाही, घड्या घालायच्या, मधे झाकून ठेवायचा, परत घड्या घालायच्या. माझ्या घड्या इस्त्रीच्या कपड्यांसारख्या येत होत्या, म्हणून त्यांनी माझं मनगट धरून करून दाखवलं. मधल्या वेळात त्या म्हणाल्या, तो डबा आता रिकामा करा. मी करते म्हणाल्या असत्या तर मी हो म्हटलं असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

परसात त्यांच्या यजमानांनी खड्डा करून दिला, कोंबड्यांनी तोंड घालू नये म्हणून खोल. मी डबा उपडा केला. अर्ध्यापेक्षा जास्त तळाला चिकटून राहिलं. ते हाताने खरवडून काढावं लागलं. बोटांच्या फटीत अडकलं, नखांत गेलं. मग त्यांनी बादली दिली आणि मी डबा विसळला, एकदा, मग पुन्हा. दवाखान्यात मी रडलो नव्हतो, स्मशानात रडलो नव्हतो, लोक म्हणाले माणूस खंबीर आहे. परक्याच्या परसात भांडं विसळताना मला रडू आवरेना. यजमान खड्ड्यावर माती ओढत राहिले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

गाव श्रीरामपूर, पण स्टेशनाच्या पाटीवर बेलापूर लिहिलेलं असतं. तिथून दौंडमार्गे पुण्याची गाडी मिळाली. मार्थाबाईंनी त्यांच्या खमिराची छोटी बरणी फडक्यात बांधून दिली होती, ती शबनममध्ये होती. रिकामा डबा पायाशी. कुणी नाकाला पदर लावला नाही. पुण्यापर्यंत माझ्याशी कुणी बोललंसुद्धा नाही.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीतलं अर्ध्याहून जास्त काढलं आणि सिंकमध्ये टाकलं. जिवावर आलं नाही, ते तिचं नव्हतंच. चार दिवस तसं केलं आणि रविवारी पाव लावला. ओले हात, घड्या, झाकण, सगळं जसं शिकवलं तसं.

पाव फुगला. वरचं कवच तांबूस झालं, ओट्यावर काढून ठेवला तर तडतडत होता. निवल्यावर कापला, आत जाळी पडली होती. सुनंदाचा पाव मधे थोडा गच्च राहायचा, भाजायची तिला घाई असायची, आणि मी ते नेहमी बोलून दाखवायचो. हा गच्च नव्हता. मी उभ्या उभ्याच दोन घास खाल्ले. तिच्यापेक्षा चांगला झाला होता. कितीही वेळा खाल्लं तरी तेच. हे तिला सांगितलं असतं तर ती चिडली असती, दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. मी तरीही मोठ्याने म्हणून बघितलं. घरात चिडायला कोणी नाही.