चाळणीबाईंचा डावा कान

चाळणीबाईंना हे नाव कुणी ठेवलं यावरून जिन्यातल्या चार बिऱ्हाडांत अजून वाद आहे, पण ते फिट्ट बसलं यावर मात्र एकमत आहे. बाईंचं कामच चाळायचं. गाण्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या एका कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून, सव्वीस वर्षं त्या लोकांची मतं चाळत होत्या. प्रत्येक रेकॉर्डच्या आवरणात कंपनी एक कार्ड घालायची: ‘ऐकून काय वाटलं, चार ओळींत लिहा.’ लोक चौदा ओळी लिहायचे, समासात लिहायचे, कार्ड पुरलं नाही तर वाण्याच्या यादीमागे लिहून टाचणी मारून पाठवायचे.

बाईंच्या टेबलावर तीन खोकी. गोड, आंबट आणि नासकं. स्तुती गोडात, शिव्या आंबटात. नासक्यात जायचे ते दोष: सुई उडते, खरखर होते, मधेच कुणी शिंकतं. एका आठवड्यात एकाच गाण्याबद्दल चाळीस नासकी कार्डं जमली, की ते गाणं खाली तळघरात तारवाल्याकडे जायचं. तारवाला म्हणजे कंपनीचा आवाजाचा कारागीर. गळ्यात कायम वायरीचं वेटोळं. तो दोष घासून काढायचा, आणि रेकॉर्डची पुढची खेप स्वच्छ निघायची.

कार्डावर काही विचित्र वाचलं, की बाई ते गाणं स्वतः लावून बघत. पण हेडफोनची एकच वाटी कानाला, उजवी. डावी मागे सरकवलेली. डावा कान टेबलावरच्या फोनसाठी, असं त्या सांगत. बरं, घरी कुठे फोनचा एवढा धाक? तरी घरीही डावा कान उशीत दाबून झोपत. भावाची बायको, म्हणजे वहिनी, एकदा म्हणालीच, “वन्सं, डावा कान माहेरी ठेवून आलात की काय?”

“मी माहेरीच राहते, बाई,” चाळणीबाई म्हणाल्या. “तुझ्याच डोक्यावर.”

विषय तिथेच मिटला. बाईंना विषय मिटवता यायचे.

तर त्या वर्षी गाणाऱ्या काकांचा अल्बम आला. काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. स्वतःच लिहायचे, स्वतःच चाल लावायचे, स्वतःच गायचे. सोल म्हणतात त्या जातीची गाणी. पोटातून आवाज काढायचा, टाळ्यांवर डोलायचं आणि देवाशी शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलायचं. अकरा वर्षं ते गप्प होते. लोकांनी मनातल्या मनात त्यांना पोचवूनही टाकलं होतं. आणि अचानक ‘उजाडलं रे’ नावाचा अल्बम, त्यात नऊ गाणी, आणि नऊच्या नऊ आनंदाने फुटायला आलेली.

कार्डांचा पाऊस पडला. ‘सकाळी लावला, दुपारपर्यंत कुणावर ओरडले नाही. घरच्यांना वाटलं आजारी आहे.’ ‘म्हातारा देवाला अरे-तुरे करतो ते आवडलं. देवाला आवडलं का, तेही विचारा.’ ‘माझे यजमान एकोणीस वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात नाचले. पाय मुरगळलाय. तरी पुन्हा लावा म्हणतात.’ एका न्हाव्याने लिहिलं, की तिसऱ्या गाण्याला गिऱ्हाईक डोलतं आणि वस्तरा चालवणं अवघड जातं, तेवढं बघा. गोडाचं खोकं दोनदा भरलं. बाई कार्ड वाचून गालात हसत होत्या, आणि त्या हसल्या की समोरचा कारकून घड्याळ बघायचा, इतकं ते दुर्मीळ.

मग पहिलं कार्ड आलं.

‘सहाव्या गाण्यात मागे गाते ती मुलगी कोण? आवरणावर तिचं नाव नाही. हा अन्याय आहे.’

बाईंनी आवरण पाहिलं. सहावं गाणं ‘दार लोटलेलं’. काका आणि एक ऑर्गन, तिसरं कुणी नाही. त्यांनी गाणं लावलं, उजव्या कानाने ऐकलं. काका होते, ऑर्गन होता. कार्ड नासक्यात.

दुसऱ्या दिवशी सहा आली. तिसऱ्या दिवशी अकरा. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या अक्षरांतली, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांची. ‘ती पोरगी गोड गाते, पण ओळ अर्धी सोडते.’ ‘ओळ सोडली की बारीक खोकते. तिला कुणी गरम पाणी द्या.’ एका शिक्षिकेने लिहिलं, ‘सासूबाईंना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, पोरगी चांगली गाते हो.’ आणि एक कार्ड होतं, शिसपेन्सिलीने लिहिलेलं: ‘हे गाणं चालू असताना डाव्या भोंग्याजवळच्या खुर्चीवर आमच्याकडे कुणी बसत नाही. असं कुणी ठरवलेलं नाही.’

बाईंनी ते कार्ड दोनदा वाचलं आणि उगीचच पदर सारखा केला.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्रेचाळीस झाली. नियम म्हणजे नियम. सोमवारी सकाळी बाईंनी अहवाल लिहिला, ‘सहावं गाणं, परका आवाज, त्रेचाळीस’, सही केली आणि साहेबांकडे पाठवला. साहेबांनी न वाचता खाली पाठवला. दुपारी तारवाला स्वतः जिने चढून वर आला. तो सहसा वर येत नाही, त्याला उजेड सोसत नाही.

“आहे, बाई.”

“काय आहे?”

“पोरगी. डाव्या बाजूला. अगदी स्पष्ट.” त्याने वायरीचं वेटोळं बोटांनी फिरवलं. “तुम्ही ऐकलं नाहीत?”

“ऐकलं. नाही ऐकू आली.”

“म्हणजे कमाल आहे. रेकॉर्डिंगला मीच होतो. काका आणि ऑर्गन उजवीकडे घेतले. डावी बाजू रिकामी ठेवली होती, काकांचाच हट्ट. रिकामी म्हणजे साफ रिकामी, बाई. आणि आता तिथे ही बसलीय. काका गातात ‘तू हाक मारलीस, आणि मी’. तीही गाते. मग थांबते, खोकते. आणि म्हणते,” तारवाल्याने आवाज खाली आणला, “‘हं, आता तू.’”

बाईंच्या हातातलं कार्ड खाली पडलं. त्याने उचलून दिलं.

“कुणाला म्हणते कुणास ठाऊक. मला तर मान वळवून मागे बघावंसं वाटलं. शुक्रवारी घासून टाकतो. एकदा मूळ फितीवरूनच गेली, की गेली.”

तो गेला.

आता हे बाईंनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, भावालाही नाही. बाई नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांना एकोणीस वर्षांची ताई होती. दोघी एका अंथरुणात झोपायच्या. ताई डावीकडे. झोपताना ती कानाशी लागून गाणं म्हणायची, अर्ध्यावर सोडायची, बारीक खोकायची आणि म्हणायची, “हं, आता तू.” मग उरलेली ओळ धाकटीने म्हणायची. भांडी विसळताना तेच, वेणी घालताना तेच. अर्धं तिचं, अर्धं हिचं.

मग ताईला ताप आला आणि उतरेचना. ज्या दिवशी धाकटीला नवे बूट घ्यायला न्यायचं होतं, त्या दिवशी घरातले सगळे ताईच्या उशाशी. बूट राहिले. धाकटी फुगून बसली. दुपारी ताईने तिला जवळ बोलावलं, डाव्या कानाशी तोंड आणलं, अर्धी ओळ म्हटली, खोकली. “हं, आता तू.” हिने ओठ घट्ट मिटले. ताई थोडा वेळ थांबली. हसली. म्हणाली, “बरं. नंतर.”

नंतर काही आलंच नाही. ताई त्याच संध्याकाळी गेली.

तेव्हापासून बाईंनी गाणं म्हटलेलं नाही. बारशाला, वाढदिवसाला त्या नुसते ओठ हलवतात. चार बिऱ्हाडांना वाटायचं, बाईंना अक्कडच फार.

बुधवारी फोन वाजला. बाईंनी सवयीने डाव्या कानाला लावला. गाणारे काका होते.

“शिव्या किती आल्या, तेवढं सांगा,” काका म्हणाले. “साहेब नुसतं छान छान म्हणतो. त्याच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.”

“आंबट पस्तीस. त्यातल्या वीस जणांना गाणी फार आनंदी वाटली.”

“वा! एवढ्या आनंदाचं त्यांना काय दुखतं?” काका खुदुखुदु हसले. “आणि गोड?”

“मोजायचं सोडून दिलंय. काका, सहाव्या गाण्यातली ओळ तुम्ही अर्धी का सोडलीत?”

“पुढचं सुचलंच नाही हो. ‘तू हाक मारलीस, आणि मी’. झालं. तीन महिने डोकं फोडलं. मी काय केलं? गेलो? पळालो? काहीच खरं वाटेना. शेवटी म्हटलं, माझी नसेल ती ओळ. ज्याची असेल तो म्हणेल. तिथे मी नुसता श्वास घेतो. पण तुम्ही का विचारताय?”

“तिथे एक मुलगी गाते, म्हणतात लोक.”

काका हळू आवाजात म्हणाले, “मला ठाऊक आहे. गाताना माझ्या शेजारी उभी होती. पाहिली नाही, पण जागा अडली होती. मला वाटलं माझ्यासाठी आली. अठ्ठ्याहत्तर वय आहे, असं वाटतं माणसाला. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, बाई. ती वाट बघत होती.”

फोन ठेवल्यावर बाईंनी डाव्या कानावरून हात फिरवला. पाळी गार पडली होती.

दोन रात्री त्या डावा कान उशीत दाबून जाग्या राहिल्या. शुक्रवार उजाडला. घासायचं काम दुपारी तीनला. एक वाजता सगळे जेवायला खाली गेले. कारकून म्हणाला, “बाई, चला,” तर म्हणाल्या, “भूक नाही.” दार लोटून घेतलं. भर दुपारचं ऊन टेबलावर, तीन खोकी, आणि बाई. रेकॉर्ड लावली. हेडफोन उचलला. उजवी वाटी उजव्या कानावर. डावी वाटी सव्वीस वर्षांत कधी वापरली नव्हती, तिच्या गादीला अजून नव्या कातड्याचा वास होता. ती कानाला लावताना कानातलं कुडकं वाटीला लागून वाजलं.

ऑर्गन सुरू झाला. काका आले, उजवीकडून. डावीकडे काही नाही. नुसती पोकळी, बंद खोलीत असते तशी. आणि मग त्या पोकळीत कुणीतरी कूस वळवली. अंथरूण चुरगळल्याचा आवाज. कानाच्या पाळीवर ऊबदार श्वास.

“तू हाक मारलीस, आणि मी...”

बारीक खोकला.

“हं, आता तू.”

नेमका त्याच क्षणी फोन वाजला. सव्वीस वर्षांत बाईंनी दुसरी घंटा होऊ दिली नव्हती. आता घंटेमागून घंटा गेली. बाईंनी डोळे मिटले, तोंड उघडलं. आधी आवाजच फुटेना. मग तेल न घातलेल्या बिजागरीसारखा कुरकुरत निघाला.

“आले,” बाई गायल्या. “आले, आले गं, आले.”

बेसूर, खरखरीत, ओळीच्या दीड मात्रा मागे. डावीकडे कुणीतरी हसू दाबलं. ताई अशीच हसायची, नाकातून. मग ऑर्गन उरला, मग सुईची खसखस.

तीनला पाच कमी असताना बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या. “अहवाल चुकला,” म्हणाल्या. “ती त्रेचाळीस कार्डं नासकी नाहीत, गोडाची आहेत. तो दोष नाही, साथ आहे. मी आजवर सगळं एकाच कानाने ऐकत आले.”

“एकाच?” साहेब उडाले. “सव्वीस वर्षं? मग आत्तापर्यंतच्या सगळ्या अहवालांचं काय?”

“अर्धे बरोबर असतील,” बाई म्हणाल्या.

साहेब खूप बोलले. ते काय बोलले ते कारकुनाने जिन्यापर्यंत पोचवलंच, पण इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्यांनी खाली निरोप पाठवला: राहू दे. तारवाल्याने वायर गळ्यात परत अडकवली. त्याला बरंच वाटलं असावं. पुढे त्याने त्या गाण्यापुरती आपली खुर्ची उजवीकडे नेली, एवढंच.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या आठवड्यात कार्डं येतच राहिली. जुन्या खेपेच्या रेकॉर्डींची. महिन्यापूर्वी घेतलेल्या, कपाटात ठेवलेल्या, पन्नासदा ऐकलेल्या. बाईंनी पहिलंच कार्ड उचललं. एका निवृत्त मास्तरांचं, सुवाच्य अक्षर.

‘सहाव्या गाण्यातली मुलगी आता गात नाही. तिच्या जागी कुणी म्हातारी “आले, आले” असं ओरडते. अत्यंत बेसूर. शिवाय मागे फोन वाजत राहतो आणि कुणी उचलत नाही. मुलगी परत आणा, म्हातारीला काढा.’

बाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. दोन्ही कानांवर हेडफोन होता, तो तसाच ठेवून तीन खोक्यांकडे पाहिलं. नासक्यावरून हात पुढे नेला आणि कार्ड आंबटात टाकलं.

मत आहे. असतं एकेकाचं.