काळूच्या पिसवा आणि ह्यांचं कांबळं

नाही गो बायांनो, डास नव्हेत, पिसवा चावल्यात! पायांचा फोटो टाकणार नाही, उगाच स्थळं यायची.

आमच्या कुत्र्याला, काळूला, पिसवा झाल्या. पेडण्यातून पावडर आणून लावली, अंगणातला काजूचा पाला जाळला, तरी जाईनात. आज सकाळी शेजारच्या शालूवहिनीनं ह्यांची खोली उघडली. हे गेल्यापासून ती बंद असते, हे अख्ख्या वाड्याला ठाऊक. आत पाय टाकला मात्र, पिसवा टणाटण पोटऱ्यांवर!

"माई गो, रिकाम्या खोलीत इतक्या कशा?"

"वाट बघत बसतात. पाऊल वाजलं की उठतात," मी तिला भिववायला म्हटलं. पण काटा माझ्याच अंगावर आला. काळू रिकाम्या खाटेकडे बघून शेपटी हलवत होता.

"आधी भावोजींचं कांबळं जाळ!" म्हणत ती काडेपेटी आणायला गेली. तेवढ्यात मी कांबळं परसात नेऊन ठेवलं. जळेपर्यंत ती उभी राहिली, मग निवांत घरी गेली.

कांबळं न जाळता पिसवा घालवायचा उपाय आहे का कुणाकडे? लवकर सांगा.

जाळलं ते माझं होतं. ह्यांचं खाटेवरच आहे, आणि रोज दुपारी काळू आणि मी त्यावरच झोपतो.