पानं चालतात

रांझीच्या क्वार्टरमध्ये शेजारच्या काकू रोज सकाळी ओले केस पुसत आमच्या फाटकातून आत येतात. "चलो, मीठी नीम घेऊन राहिली गं," एवढं सांगतात, विचारत नाहीत. मीठी नीम म्हणजे कढीपत्ता; तो मी लावलेला, टबातली कोथिंबीर मी पेरलेली. त्या कोवळं तेवढं खुडतात, नाकाशी नेतात, मान डोलावतात. मग भिंतीपलीकडे त्यांचा नळ बराच वेळ वाहतो. किडीसाठी धूत असतील, असं मला बारा वर्षं वाटायचं.

आम्ही बौद्ध. समोरच्या खोलीतला बुद्धाचा फोटो फाटकातून दिसतो. त्या खोलीत काकू कधी आल्या नाहीत. कधी पाय दुखतो, कधी गॅसवर दूध असतं.

परवा त्याच कोथिंबिरीची चटणी मी वाटीभर दिली. थोड्या वेळाने मागे कचरा टाकायला गेले, तर काकू ती गाईपुढे उपडी करत होत्या.

"पानं चालतात गं," त्या हसून म्हणाल्या. "तुमच्या हातचं सासूबाईंना चालत नाही न."

त्यांच्या सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी मी चहाचा कप घेऊन झाडापाशीच उभी राहिले. "आधी हा प्या, मग खुडा."

"आज उपास आहे न माझा."

"उपासाला चहा चालते, काकू."

त्यांनी कपाकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून हात लांबवून एक डहाळी तोडली आणि गेल्या.

पलीकडे नळ सुरू झाला.