अनाथांचे वकील

इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात जेवढी म्हणून पोरं अनाथ झाली, त्या सगळ्यांची काळजी इकडे आखातात, सीबला आमच्या शेजारी राहणाऱ्या अंकलनी एकट्यानं वाहिली. वसईचे हे गृहस्थ रुसैलच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर, पण जीव अडकलेला त्या काळातल्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांत. त्याही अशाच, ज्यांत आईबाप पहिल्या प्रकरणात खलास! संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले, की "आज तर हद्द झाली, वहिनी!" मला वाटायचं, अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, वाजलं. कसलं काय, कुठल्याशा अनाथालयाच्या व्यवस्थापकानं पोरांच्या लापशीत पाणी वाढवलेलं असायचं. बसमध्येही ते हिंदीतून हीच कथा लावत. ड्रायव्हर सिग्नलला मागे वळून विचारी, "फिर खाना दिया क्या?"

मला कुतूहल. एकदा विचारलंच, "त्या लेखकांना अनाथच पोर का हो लागतं?"

"आईबाप असले की दोष त्यांच्यावर ढकलता येतो ना! ते नसले की उरतं कोण? कायदा, धर्मादाय मंडळं, गावातली बडी माणसं. अनाथ पोर म्हणजे लेखकानं सरकारच्या दारात आणून ठेवलेली तक्रार, वहिनी!"

पुढे त्यांची धाकटी बहीण गेली. तिचा नवरा आधीच गेला होता. दहा वर्षांची भाची व्हिजिट व्हिसावर सीबला आली. रुळली तर मामा-मामीकडे, नाहीतर वसईला हॉस्टेलात, असं ठरलेलं. अंकलनी कंबर कसली. नवी गादी आली, खाऊ आला, आणि बिल्डिंगभर ताकीद गेली, तिच्यासमोर आईचं नाव काढायचं नाही. पोर मान खाली घालून जेवायची, "थँक्यू मामा" म्हणायची, बस्स.

शेवटच्या आठवड्यात मी भाजी द्यायला गेले, तर अंकलची चौकशी चालू. "पोट भरलं ना? कुणी रागावलं का? काही कमी पडतंय?"

"काही नाही मामा," ती म्हणाली, "पण इथे मम्मीला कुणीच ओळखत नाही का?"

अंकल मटकन तिच्याशेजारी बसले. "ओळखत नाही म्हणजे? अगं, माझ्या शाळेच्या बुटात बेडूक ठेवला होता तिनं!" पोर हसली, मग हमसून हमसून रडली. आम्हीही रडलो, लाज कसली त्यात.

तिला ठेवून घ्यायचे कागद काही जमेनात, तेव्हा तिच्याबरोबर वसईला परतायला अंकलनीच नोकरी सोडली. "एवढी चांगली नोकरी!" मी हळहळले.

"नोकरी करायला माणसं पुष्कळ आहेत, वहिनी. तिची आई कशी होती, ते सांगायला आता मी एकटाच उरलोय."